शिल्पकाराच्या तीस प्रती: मर्यादित आवृत्तीचा स्क्रीन प्रिंट पहिल्यापासून शेवटपर्यंत

नाशिकच्या सातपूरचं आमचं स्क्रीन छपाईचं टेबल लग्नपत्रिका आणि कारखान्यांच्या नेमप्लेट यांवर उभं राहिलं. पाचशे पत्रिका मागितल्या की पाचशे वीस छापायच्या, आणि मागाहून पन्नास कमी पडल्या तर जपून ठेवलेली फिल्म काढून पुन्हा छापून द्यायच्या, ही आमची रीत. तांब्या-पितळेच्या पत्र्यातून अमूर्त शिल्पं करणारे एक सर काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, तीसच प्रती. एकतिसावी कधीच नाही." त्या कामात आम्ही जे शिकलो, चुकलो आणि पुन्हा केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. पत्रिका किंवा स्टिकरचं काम करणाऱ्या कुणालाही आपल्या टेबलावर हे करता येईल. यंत्रं तीच आहेत. शिस्त मात्र फार वेगळी लागते.

आधी एक गोष्ट शिल्पकाराशी बसून ठरवा

शिल्पाचा फोटो काढून, त्याचे ठिपके पाडून छापला तर ते शिल्पाचं चित्र झालं. ते सुंदर असेलही, पण त्याला मूळ प्रिंट म्हणता येत नाही. मूळ प्रिंट म्हणजे जे कलाकाराने त्या स्क्रीनसाठीच (फ्रेमवर ताणलेली बारीक जाळी, जिच्यातून शाई कागदावर उतरते) घडवलं आणि त्या कागदाबाहेर जे कुठेच अस्तित्वात नाही. १९६० साली व्हिएन्नामध्ये कलाकारांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत यावर काही सूत्रं ठरली: आवृत्तीचा आकडा ठरवण्याचा हक्क कलाकाराचा, प्रत्येक प्रतीवर सही आणि क्रमांक, आणि छपाई संपल्यावर मूळ प्लेट निकामी करणं. आजही जगभर साधारण हेच मानलं जातं.

शिल्पकार आणि स्क्रीन यांचं नातं जुनं आहे. १९७०च्या सुमारास बार्बरा हेपवर्थने लंडनच्या केल्प्रा स्टुडिओत बारा स्क्रीन प्रिंटचा संच केला. रिचर्ड सेराने लॉस एंजेलिसच्या जेमिनी कार्यशाळेत रंगकांडीचा जाड काळा थर स्क्रीनमधून कागदावर उतरवला, इतका जाड की कागदावर पोलादाचं वजन जाणवतं. आपल्याकडचे कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८) शांतिनिकेतनात शिकलेले शिल्पकार. त्यांनी धातूची प्लेट शिल्पासारखी खोदली आणि वेगवेगळ्या दाटपणाच्या शाया एकाच प्लेटवर चढवायची पद्धत घडवण्यात मोठा वाटा उचलला. त्यांचं माध्यम स्क्रीन नव्हतं, पण छापणाऱ्याने त्यांच्याकडून एक गोष्ट घ्यावी: शिल्पकार रेषेपेक्षा थराचा विचार करतो. स्क्रीन प्रिंटमध्ये शाई कागदात मुरून संपत नाही, वर बसते. बोट फिरवलं तर कड लागते. शिल्पकाराला ही कड दाखवा, पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

आम्ही सरांना जुनी नेमप्लेट दाखवली होती. त्यांनी डोळे मिटून त्यावर बोट फिरवलं.

फिल्म: इथे घाई करू नका

प्रत्येक रंगाला एक फिल्म लागते. संगणकावरून काढलेल्या फिल्मची आपल्याला सवय असते, पण इथे शिल्पकाराच्या हातात कोरी ड्राफ्टिंग फिल्म द्या, एका बाजूने खरखरीत असलेली. सोबत तेलकट काळी कांडी, दाट काळी शाई, ब्रश आणि कात्री. फिल्मवर जे काही उजेड अडवेल ते छापलं जाईल, एवढा एकच नियम सांगायचा. कागद कापून चिकटवला तरी चालतो. मोठ्या सपाट आकारांसाठी लाल मास्किंग फिल्म उत्तम, ब्लेडने कापायची आणि नको तो भाग सोलून काढायचा. शिल्पकारांना हे काम पत्रा कापल्यासारखं वाटतं आणि त्यांचा हात लगेच बसतो.

आमच्या कामातली सगळ्यात चांगली फिल्म मात्र घासून निघाली. सरांनी मठारलेला तांब्याचा पत्रा आणला होता. तांबट आळीत हंड्या-घागरींवर हातोडीचे गोल ठोके पडतात, तसे ठोके त्यावर होते. पातळ, साधारण ७५ मायक्रॉनची फिल्म त्यावर ठेवून वरून काळी कांडी आडवी घासली. ठोक्याच्या कडांवर काळं बसलं, खळग्यात कोरं राहिलं. धातूचा पोत कुठल्याही फोटोविना सरळ फिल्मवर आला. असं घासताना फिल्म चारही कोपऱ्यांनी टेपने घट्ट बसवा, आणि कांडीचं टोक न वापरता अंग वापरा. घासून झालेली फिल्म खिडकीच्या काचेला लावून बघा. काळं आहे असं वाटतं तिथून उजेड तपकिरी झिरपत असेल तर तो भाग स्क्रीनवर अर्धवट धुतला जाईल. पुन्हा घासा.

रंगांच्या फिल्म एकमेकींवर अर्धा मिलिमीटर चढत्या ठेवा. काटेकोर कडेला कड जुळवायला गेलात तर पावसाळ्यात मध्ये पांढरी रेघ दिसणारच.

आकडा आणि कागद

आवृत्तीचा आकडा शिल्पकाराने छपाईच्या आधी ठरवायचा आणि तो कागदावर लिहून घ्यायचा. आम्ही तीस ठरवले. त्याशिवाय कलाकाराच्या स्वतःच्या प्रती, ज्यांना आर्टिस्ट्स प्रूफ म्हणतात, त्या प्रथेप्रमाणे साधारण दहा टक्के, म्हणजे तीन. छापणाऱ्याच्या दोन. आणि एक ती, जिच्यावर कलाकार "अशी छापा" म्हणून सही करतो. फ्रेंचमध्ये तिला 'बाँ आ तिरे' म्हणतात, आम्ही आपली 'मंजूर प्रत' म्हणतो. झाल्या छत्तीस. चार रंगांत प्रत्येक वेळी दोन-तीन कागद जाणार हे धरून पंचेचाळीस घ्या. शिवाय जुळवाजुळवीसाठी त्याच आकाराचे दहा साधे जाड कागद.

कागद सुती, आम्लविरहित, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम). आम्ही ५६ × ७६ सेंटिमीटरचा पूर्ण ताव घेतला आणि चित्र ४० × ५० ठेवलं. भोवतीची कोरी जागा हा चित्राचाच भाग आहे. हातकागदाचा मोह होतो, मलाही आहे. पुण्याच्या हातकागदाचा स्पर्श अंगात भिनलेला असतो. पण हातकागदाचा ताव मध्ये जाड, कडेला पातळ असू शकतो, आणि कडा सरळ नसल्याने रंग जुळवणं अवघड जातं. वापरायचाच असेल तर दोन बाजू तरी सरळ कापून घ्या. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. थेंब वर टिकला तर कागदाला खळ पुरेशी आहे. लगेच शोषला गेला तर शाईही अशीच आत जाईल आणि कड मरेल.

सगळे ताव एकाच लॉटचे घ्या, आणि आणल्यावर दोन दिवस छपाईच्या खोलीतच उघडे रचून ठेवा. कागद त्या हवेला सरावायला हवा. श्रावणात नाशिकची हवा ओली असते आणि कागद फुगतो. पहिला रंग ओल्या दिवशी आणि दुसरा उघडिपीच्या दिवशी छापला तर एवढ्या मोठ्या तावावर फरक डोळ्यांना दिसतो. आम्ही हे काम जूनमध्ये सुरू करायची चूक केली. तिसऱ्या रंगाला जुळणी हलली आणि अकरा ताव गेले. सगळं पुन्हा घेऊन दिवाळीनंतर पहिल्यापासून छापलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडे या कामाचे महिने.

स्क्रीन

फ्रेम अॅल्युमिनियमची घ्या. लाकडी फ्रेम पत्रिकेला चालते, चार रंगांच्या आवृत्तीला नाही, ती पाणी पिऊन वाकते. चित्रापासून फ्रेमच्या आतल्या कडेपर्यंत चारही बाजूंना किमान बारा सेंटिमीटर जागा हवी, नाहीतर कडेला स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) दबतो आणि शाई जाड-पातळ पडते. सपाट, भरीव आकारांना ७७टी कापड, म्हणजे सेंटिमीटरला ७७ धाग्यांची जाळी, घासलेल्या पोतासाठी १२०टी. टीच्या आधीचा आकडा वाढला की जाळी बारीक होते आणि शाईचा थर पातळ होतो.

कापड डीग्रीझरने धुऊन वाळवा. बोटाचा तेलकट डाग राहिला तर इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, तिथे धरत नाही. इमल्शनबद्दल कळकळीने सांगते: पत्रिकेच्या धंद्यात अजूनही कित्येक टेबलांवर नारिंगी बायक्रोमेट वापरलं जातं. ते स्वस्त आहे, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि उघड्या हातांवर लवकर न भरणारे चट्टे पाडतं. सातपूरच्या अंगाने वाहणारी नंदिनी पुढे गोदावरीला मिळते, आपण नालीत जे ओततो ते तिकडेच जातं. डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन घ्या, आणि तरीही हातमोजे घाला.

पिवळ्या दिव्याखाली, आधी छपाईच्या बाजूने आणि मग स्क्वीजीच्या बाजूने, एकेकदा इमल्शन चढवा. छपाईची बाजू खाली करून आडवं, अंधारात, पंख्याखाली वाळवा. हाताला कोरडं लागलं तरी तासभर आणखी थांबा.

उजेड किती वेळ द्यायचा हे अंदाजाने ठरवू नका. छोट्या स्क्रीनवर फिल्मचा तुकडा ठेवून पुठ्ठ्याने झाका, दर तीस सेकंदांनी पुठ्ठा दोन बोटं सरकवा, मग धुऊन पाहा. ज्या पट्टीत बारीक ठिपके टिकले आहेत आणि इमल्शनही बुळबुळीत झालेलं नाही, ती तुमची वेळ. आपल्यापैकी बरेच जण उन्हात एक्स्पोज करतात. सपाट आकाराला ते चालून जातं. मठारकामाच्या पोताला नाही, एक ढग आला की हिशेब बिघडतो.

धुऊन, वाळवून स्क्रीन उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर इमल्शनने बुजवा. पत्रिकेवर असा ठिपका कुणी बघत नाही. इथे तो तीस वेळा छापला जाईल.

शाई

पत्रिकेची शाई इथे वापरू नका. तिचा गुलाबी वर्षभरात उडतो, सोनेरी काळवंडतो. पाण्यावर आधारलेली अॅक्रिलिक स्क्रीन शाई घ्या आणि दुकानदाराला रंगद्रव्याचा उजेड-टिकाऊपणा विचारा. ब्लू वूल मापनात एक ते आठ अंक असतात. सात किंवा आठ असेल तेच घ्या. डबीवर काही लिहिलेलं नसेल तर ती शाई आवृत्तीसाठी नाही.

रंग पारदर्शक ठेवायचे की झाकणारे, हा सौंदर्याचा प्रश्न आहे आणि तो शिल्पकाराने सोडवायचा. पण त्यांना पर्याय डोळ्यांसमोर ठेवून द्या. पारदर्शक बेस घालून पातळ केलेला तांबूस रंग आणि त्यावर तसाच निळसर करडा चढवला तर जिथे दोन्ही येतात तिथे तिसरा, खोल रंग तयार होतो. दोन स्क्रीनमध्ये तीन रंग. सरांनी हे पाहिलं तेव्हा चार स्क्रीनचं काम सहा रंगांवर गेलं. पट्टीच्या तुकड्यांवर प्रमाणं लिहून ठेवा: बेस किती, रंग किती, वजनाने. चमच्याने मोजलेली शाई दुसऱ्यांदा तशी जमत नाही.

४० × ५० च्या भरीव आकाराला ७७टी मधून एका प्रतीला पाच-सहा मिलिलिटर शाई जाते असं मी धरते. पंचेचाळीस तावांना पाव लिटरच्या आसपास, आणि स्क्रीनवर नेहमी राहणारी वेगळी. म्हणून अर्धा लिटर एकदम कालवा. मध्येच शाई संपली आणि नव्याने कालवली तर तिसाव्या प्रतीचा रंग पहिल्यासारखा असेलच असं नाही, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर तो फरक लपत नाही.

रिटार्डर, म्हणजे शाई उशिरा वाळावी म्हणून घालायचं द्रव्य, ऋतूप्रमाणे. हिवाळ्यातल्या सकाळीसुद्धा आपली हवा कोरडी असते, शाई जाळीत लवकर वाळते. डब्यावर दिलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका, नाहीतर शाई दोन दिवस चिकट राहते. पाण्याचा बारीक फवारा हाताशी ठेवा.

जुळणी आणि छपाई

टेबलावर स्क्रीन बिजागरी क्लॅम्पमध्ये बसवा. स्क्रीन आणि कागद यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर हवं, म्हणजे स्क्वीजी पुढे सरकताच जाळी कागदावरून सुटते आणि कड स्वच्छ येते. कागद खाली चिकटून राहण्यासाठी हवा ओढणारं टेबल नसेल तर प्लायवूडच्या पोकळ पेटीला बारीक भोकं पाडा आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर जोडा. आमचं पहिलं टेबल असंच होतं.

कागद अडवायला तीन टेकू: दोन लांब बाजूला, एक आखूड बाजूला. चार टेकू लावले की कागद अडकतो आणि वाकतो. चारही रंगांना कागदाची तीच बाजू, तेच टेकू. मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलने बारीक बाण काढून ठेवा.

दुसऱ्या रंगापासून पुढे टेकू नेमके कुठे लावायचे, यासाठी एक युक्ती आहे. टेबलावर पारदर्शक पॉलिस्टर फिल्म एका कडेने टेपने बसवा, ती पानासारखी उलटता आली पाहिजे. नवा रंग आधी त्या फिल्मवर छापा. मग खाली पहिला रंग छापलेला ताव सरकवा, फिल्ममधून बघत दोन्ही जुळवा, ताव हलू न देता टेकू चिकटवा, फिल्म काढून टाका. मोजपट्टीने तासभर जे जमत नाही ते इथे पाच मिनिटांत जमतं.

छापायला दोन माणसं हवीत. एकाने फक्त स्क्वीजी धरायचा, दुसऱ्याने फक्त कागद. शाईचा हात कागदाला लागता कामा नये. स्क्वीजीचं रबर ६५ ते ७५ शोअरचं (हे रबराच्या कडकपणाचं माप), कड धारदार. आधी दाब न देता शाई जाळीवर पसरवा, मग एकाच सलग ओढीत, एकाच कोनात, एकाच दाबाने छापा. ओढ मध्ये थांबली तर आडवी रेघ येते आणि तो ताव गेला. स्क्रीन वर येताच लगेच पुन्हा शाई पसरवून ठेवा, जाळी उघडी राहिली की वाळते.

एक रंग एका बैठकीत संपवा. चहा नंतर. आम्ही सकाळी सहाला सुरू करायचो, ऊन चढायच्या आत पंचेचाळीस ताव दोरीवर लागलेले असायचे. हा माझा आवडता भाग आहे. सुरुवातीचे पाच-सात ताव हात शोधत असतात, मग स्क्वीजीचा आवाज एकसारखा येऊ लागतो आणि बोलणं थांबतं. हलक्या रंगाकडून गडदाकडे जा. दोन रंगांमध्ये एक दिवस सोडा. ताव एकमेकांवर रचायचे असतील तर चोवीस तासांनंतर, मध्ये बटर पेपर घालून.

पहिल्या दिवशी शिल्पकार टेबलाजवळ असायलाच हवा. चारही रंग पूर्ण झालेल्या पहिल्या चांगल्या प्रतीवर त्यांची मंजुरीची सही घ्या, आणि बाकीचे ताव तिच्याशी ताडून बघा.

निवड

सगळ्यात जड काम हे. पूर्ण वाळलेले ताव खिडकीतून येणाऱ्या उजेडात एकेक करून मंजूर प्रतीच्या शेजारी ठेवा. जुळणी, कड, ठिपके, बोटाचे ठसे, कागदाचा दुमड. दोघांनी वेगवेगळं बघायचं आणि पाठीमागे खूण करायची, मग खुणा जुळवायच्या. तुमच्या ग्राहकाला दोष दिसणार नाही, असं मन म्हणत राहील. तो ताव बाजूला काढा आणि त्याच दिवशी फाडा. बाजूला ठेवलेला दोषी ताव पुढे कधीतरी कुणाला तरी भेट म्हणून जातो, आणि मग तो आवृत्तीबाहेरचा एकतिसावा ठरतो.

मंजूर प्रत धरून आमचे तेहेतीस ताव उतरले. ती एक, सरांच्या तीन आणि आमच्या दोन काढल्यावर विकण्याच्या प्रती सत्तावीस उरल्या. तीन पुन्हा छापू का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "नको. सत्तावीस लिहू." आकडा खाली आणता येतो, आणि खाली आणला की सगळीकडे तोच लिहायचा. वर कधीच नेता येत नाही.

क्रमांक आणि सही

चित्राच्या खाली, कोऱ्या कागदावर: डावीकडे क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि साल. मऊ पेन्सिलने. पेनची शाई उडते, पसरते. ग्रॅफाइट उडत नाही, आणि कागदात दाबलेली पेन्सिलीची रेघ छापून नक्कल करणं कठीण. सरांनी आकडे देवनागरीत घातले, १/२७ पासून २७/२७ पर्यंत.

नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, तेव्हा एक आकडा एकाच कागदावर असतो हे या शहराला समजावून सांगायला नको. लोक विचारतात ते वेगळं: पहिली प्रत जास्त चांगली का? ड्रायपॉइंटसारख्या पद्धतीत धातूवरची रेघ दाबाने झिजते, तिथे सुरुवातीच्या प्रती खरोखर अधिक भरदार असतात. स्क्रीन तशी झिजत नाही. शिवाय वाळवताना आणि निवडताना ताव मागे-पुढे होतात, त्यामुळे क्रमांक हा छपाईचा क्रम नसतो. १/२७ साठी कुणी जास्त पैसे मागितले तर द्यायचं कारण नाही.

स्क्रीन उतरवणं आणि नोंद

सह्या झाल्या त्याच दिवशी, शिल्पकारासमोर, चारही स्क्रीन उतरवा, म्हणजे जाळीवरचं इमल्शन काढून टाका. हातमोजे, गॉगल, उघडी दारं. उतरवण्याच्या द्रावणाने इमल्शन सैल झालं की दाबाच्या पाण्याने धुवा. चारही फिल्मवर ब्लेडने कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ ओढा आणि त्या शिल्पकाराला परत द्या. आमच्यासारख्या पत्रिकावाल्यांना फिल्म जपून ठेवायची सवय असते. इथे ती मोडा.

प्रत्येक प्रतीसोबत एक छोटं पत्र द्या: शीर्षक, साल, कागदाचं नाव आणि वजन, स्क्रीन किती, शाई कोणत्या प्रकारची, आवृत्ती किती, त्याबाहेरच्या प्रती किती आणि कुणाकडे, स्क्रीन कधी उतरवल्या. शिल्पकाराची आणि छापणाऱ्याची, दोघांच्या सह्या. यातलीच माहिती एका वहीत, कोणता क्रमांक कुणाकडे गेला यासह.

त्याच पत्राच्या मागे चौकटीच्या सूचना छापल्या तर घेणाऱ्याचं भलं होतं. आम्लविरहित माउंट, काच शाईला टेकणार नाही इतकं अंतर. मागून सेलोटेप नाही. जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाची खळ, फक्त वरच्या बाजूने. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर आणि पश्चिमेच्या उन्हात टांगू नये. चौकटीची मागची बाजू कागदी टेपने बंद, नाहीतर कसर आत शिरते.

पाठवताना सपाटच पाठवा, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, चारही कोपरे कागदी खिशात अडकवून. नळीत गुंडाळलेला ३०० जीएसएमचा ताव उलगडताना जाड शाईच्या थराला बारीक चिरा पडू शकतात. आमच्या वहीत ९/२७ पुढे तशी एक नोंद आहे. ती प्रत परत घेतली, फाडली, आणि सरांनी त्या क्रमांकापुढे 'नष्ट' असं लिहून सही केली. नव्याने छापायला तेव्हा स्क्रीन उरलेली नव्हती.